सहा मिनिटांचा थांबा

डेपोतले ड्रायव्हर त्यांना तोंडावर ‘मिनिटसाहेब’ म्हणत आणि पाठीमागे नुसतंच ‘मिनिट’. दोन्ही नावं त्यांना माहीत होती आणि खरं सांगायचं तर दोन्ही आवडतही होती. साहेब ते कधीच नव्हते. शहर बसच्या डेपोत वेळापत्रकं आखणारे कारकून, एवढाच त्यांचा हुद्दा. पण ज्याच्या पेन्सिलीवर साठ बस सकाळी हलतात आणि संध्याकाळी परत येतात, त्या माणसाला मान द्यावा लागतो.

काम असं, की खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर चौकटींचा लांबलचक कागद पसरायचा. आडवी वेळ, उभे थांबे, आणि प्रत्येक बसची एक तिरकी रेघ. रेघ चढती असली म्हणजे बस चालली आहे, आडवी पडली म्हणजे उभी आहे. पुढे डेपोत संगणक आला आणि कागद गुंडाळून ठेवायचा हुकूम निघाला. मिनिटसाहेब मान डोलावून हो म्हणाले आणि संगणकाने काढलेलं वेळापत्रक घरी नेऊन कागदावर उतरवून तपासू लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्यात एकच बस एकाच वेळी दोन ठिकाणी पळताना पकडली. नंतर कुणी त्यांच्या कागदाचं नाव काढलं नाही.

त्यांची एक चोरी मात्र सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती. प्रत्येक फेरीच्या शेवटी ते चार मिनिटं लपवून ठेवत. कागदावर त्याला ‘रहदारीची तूट’ म्हणत. खरं तर ती चहाची चार मिनिटं होती. वरिष्ठांनी एकदा विचारलं, की भर दुपारी कसली आली रहदारी? तेव्हा यांनी इतका लांब हिशेब सांगितला, की साहेबांनाच चहा घ्यावासा वाटला. चौतीस वर्षं या माणसाने परक्या लोकांसाठी मिनिटं लपवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे याच माणसाचा राग येणार आहे.

मिनिटं जपणारा माणूस पैसेही जपणार, हे ओघानेच आलं. साबणाच्या वडीचा शेवटचा पापुद्रा नव्या वडीला चिकटवायचे. चपलेला तिसऱ्यांदा टाचा लावून घ्यायचे. लोक कवडीचुंबक म्हणत, आणि लोकांचं काही फार चुकत नव्हतं. पण पगार बेताचा, घरात माणसं पाच, आणि त्या पाचांत ताई.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे आठ वर्षांचे होते आणि वडील फिरतीच्या नोकरीत. म्हणजे आई ती ताईच. तिने यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, खोकला झाला की रात्ररात्र पाठ चोळली. लग्न केलं नाही. गल्लीतल्या दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधायला, सुया उकळायला आणि रांग सांभाळायला लागली ती एकतीस वर्षं तिथेच राहिली. चार डॉक्टर आले आणि गेले. लोक डॉक्टरांना विचारून घेत आणि मग बाहेर येऊन हळूच ताईला विचारत, “घेऊ ना हे औषध?” साहेब साठीला टेकले तरी ती त्यांना ‘छोट्या’च म्हणायची.

आता एक गोष्ट अशी, की जी मिनिटसाहेबांना फार उशिरा कळली. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, कारण ती लपवून मला काही मिळवायचं नाही. एकोणीस वर्षांची असताना ताईने मोठ्या शहरातल्या इस्पितळाच्या शाळेत नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज धाडला होता. निवड झाल्याचं पत्र आलं. पत्राच्या डोक्यावर त्या इमारतीचं चित्र छापलेलं होतं. दोन खांब, मधोमध उंच दार आणि खाली रुंद दगडी पायऱ्या. पण पत्र आलं ते आई जाऊन बारा दिवस झाल्यावर, आणि शेजारच्या अंथरुणात छोट्या खोकत होता. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. ताई झाली नाही. महिनाभर ती रोज ते पत्र काढून चित्रातल्या पायऱ्या मोजायची. बारा होत्या. पुढे घर बदलताना पत्र हरवलं, आकडा तेवढा राहिला. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. छोट्याला तर मुळीच नाही. त्याच्या डोक्यावर कशाला ओझं?

मिनिटसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की ताईला मोठं शहर दाखवणार. लहानपणी तिला तसा शब्द दिला होता म्हणे. बायको येणार नव्हती, कारण तिला बस लागायची. वेळापत्रकवाल्याच्या बायकोला बस लागते, हा डेपोतला जुना आणि सगळ्यांचा लाडका विनोद होता.

“ताई, तुला काय काय बघायचंय ते सांग.”

“तू दाखवशील ते.”

“असं नाही. एक तरी सांग.”

“ते मोठं इस्पितळ आहे ना तिथे. त्या बाजूने बस जाते का?”

साहेब हसले. “लोक राजवाडे बघायला जातात आणि तू दवाखाना बघणार? एकतीस वर्षं पुरे नाही झाली?”

ताईही हसली. तरी साहेबांनी नकाशा काढला, बोट फिरवलं आणि सांगितलं, की हो, जाते. अठ्ठावीस नंबरची बस. त्यांनी ते कागदावर लिहूनही घेतलं. दुसरा दिवस, दुपारी तीन अठरा, इस्पितळ.

त्या शहरात पैशाशिवाय पान हलत नाही. मनोऱ्यावर चढायचं म्हटलं तर दोघांचा महिन्याचा किराणा जाईल. संग्रहालयाला तिकीट, बागेला तिकीट, आणि पाय दुखले म्हणून कुठे टेकावं तर पुढ्यात खाण्याची यादी घेऊन माणूस हजर. पण मिनिटसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्या शहराच्या बसचा दिवसभराचा पास मिळत असे. एकदा काढला की सकाळपासून रात्रीपर्यंत कुठल्याही बसमध्ये चढा. साहेबांनी तिथल्या सगळ्या बसची वेळापत्रकं मागवली आणि तीन महिने रेघा ओढल्या. दोन दिवस, माणशी दोन पास, एकोणीस ठिकाणं. उतरायचं फक्त बस बदलायला. बाकी शहर खिडकीतून बघायचं. राहायला बस कर्मचाऱ्यांची विश्रांतीची खोली, तीही ओळखीने फुकट. ताईसाठी बाई कंडक्टरांच्या खोलीतली एक खाट. जेवण घरून नेलेल्या डब्यांत.

आणि कबूल करायला हवं, की त्यांचा बेत तंतोतंत जमला. दहा बेचाळीसला पुलावरून मनोरा दिसायचा होता, तो दहा बेचाळीसलाच दिसला. प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीवरून जिराफाची मान दिसते, हे त्यांनी कुणा ड्रायव्हरकडून आधीच काढून ठेवलं होतं. मान फुकट होती. बाकीच्या जिराफाला तिकीट होतं.

“दिसली का मान?”

“दिसली. कान पण हलवला त्याने.”

“मग जिराफ झाला,” म्हणत साहेबांनी कागदावर खूण केली.

ताई सगळं बघत होती. साहेब म्हणतील तिकडे मान वळवायची, डावीकडे राजवाडा, उजवीकडे कारंजं. एका बागेपाशी बस सिग्नलला थांबली तेव्हा तिथल्या बाकावर एक म्हातारी पाय लांब करून शेंगा सोलत बसली होती. ताई तिच्याकडेच बघत राहिली, कारंजं राहून गेलं. साहेब जरा चिडले. म्हणाले, “अगं, शेंगा सोलणाऱ्या म्हाताऱ्या आपल्या गल्लीत काय कमी आहेत?”

दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस नंबर अगदी वेळेवर आली. दोघांना डाव्या बाजूची खिडकी मिळाली, इस्पितळही डाव्याच बाजूला. ताईने सकाळीच चष्मा पुसून ठेवला होता. तीन अठराला बस इस्पितळासमोर थांबली. उतरणारे उतरले, चढणारे चढले. आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

मिनिटसाहेबांचे कान टवकारले. हा काही शेवटचा थांबा नव्हता. छापील वेळापत्रकात इथे तीन अठराच लिहिलं होतं, पुढच्या थांब्याची वेळ तीन सत्तावीस, आणि अंतर तर तीन मिनिटांचं. म्हणजे मधली सहा मिनिटं कुणीतरी इथे लपवून ठेवली होती. या अफाट शहरात, साता समुद्रापलीकडच्या वाटाव्या अशा कुठल्यातरी कचेरीत, आपल्याच जातकुळीचा एक माणूस टेबलाशी बसून चोरी करतोय. साहेबांना मनापासून आनंद झाला. तीन महिन्यांच्या तयारीत हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

रस्त्याच्या कडेला इस्पितळाचं आवार होतं आणि आवारात समोरच ती इमारत. दोन खांब. मधोमध दार.

“छोट्या,” ताई म्हणाली, “जरा खाली उतरायचं का?”

“कशाला? इथे काय आहे?”

“असंच. पाय मोकळे करू.”

“आणि बस सुटली तर? पुढची पंचवीस मिनिटांनी आहे. मग नदीवरचा सूर्यास्त गेला. तू बस, जागा सोडू नकोस. ही पिशवी माझ्या जागेवर ठेव. मी आलोच.”

आणि ते स्वतः उतरले.

ड्रायव्हर फुटपाथवर चहाच्या गाडीपाशी उभा होता. साहेबांनी आपली ओळख दिली, ‘मीही त्याच धंद्यातला’ म्हणाले. ड्रायव्हर खुलला. हो, सहा मिनिटं, प्रत्येक फेरीला. आमचा एक जुना वेळापत्रकवाला होता, त्याने घालून ठेवलीत, अजून कुणाला काढता आली नाहीत. साहेबांनी विचारलं, की कागदावर काय नाव देता? ड्रायव्हर म्हणाला, ‘प्रवाशांची चढउतार.’ साहेब पोट धरून हसले. ड्रायव्हरने त्यांना चहा पाजला. चहा पिता पिता त्यांनी एकदा वर बघितलं. खिडकीत ताई बसली होती, मांडीवर एक पिशवी, शेजारी दुसरी. त्यांनी हात हलवला. तिनेही हलवला. तिच्यासाठी एक कप चहा न्यावा हेसुद्धा त्यांना सुचलं नाही.

ताई तिकडे पायऱ्या मोजत होती. पण नेमकी एक रुग्णवाहिका मध्ये उभी होती. वरच्या नऊ पायऱ्या दिसत होत्या. खालच्या दिसेनात.

बस सुटली. सूर्यास्त वेळेवर झाला. एकोणीसच्या एकोणीस खुणा पुऱ्या झाल्या. घरी आल्यावर ताईने भेटेल त्याला सांगितलं, “माझ्या छोट्याने मला अख्खं शहर दाखवलं. नुसत्या पासावर.” साहेब शेजारी उभे राहून ऐकायचे आणि अंगावर मूठभर मांस चढायचं. डेपोत गेले की तो कागदही दाखवायचे. आठ वर्षं हे असं चाललं.

आठ वर्षांनी ताई न्हाणीघरात पडली. कमरेचं हाड मोडलं. जुळलं म्हणायला जुळलं, पण उंबरा ओलांडायला दोन माणसं लागू लागली. त्याच उन्हाळ्यात साहेबांची नात पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरत ताईच्या खाटेजवळ बसली होती. कुठे कुठे अर्ज करता येतो त्याची यादी ती मोठ्याने वाचत होती. त्यात त्या इस्पितळाच्या शाळेचं नाव आलं.

“त्याला पायऱ्या किती आहेत गं?” ताईने विचारलं.

“कशाला?”

“चित्रात बारा होत्या. मला नऊच दिसल्या.”

नात हसली. पण साहेब खुर्चीत ताठ झाले. कसलं चित्र, म्हणून त्यांनी विचारलं, आणि ताईने सांगितलं. आता सांगायला हरकत नव्हती असं तिला वाटलं असावं, किंवा औषधांमुळे जीभ सैल झाली असेल. तिने फार काही मीठमसाला लावला नाही. अर्ज केला होता, निवड झाली होती, जमलं नाही. त्या दिवशी बसमधून दिसली ती इमारत, तेवढं एक बरं झालं.

“मग मला सांगितलं का नाहीस?” साहेबांचा आवाज चढला. ते स्वतःवरच चिडले होते, पण समोर ताई होती.

“विचारलं होतं की. उतरायचं का म्हणून.”

साहेबांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, आपण जाऊ, गाडी करून जाऊ, लागतील ते पैसे लागू देत. ताई म्हणाली, “वेडा आहेस का? मला खाटेवरून खुर्चीत बसवायला तुम्हाला अर्धा तास लागतो. बैल गेला आणि झोपा केला, असं करू नये.” पुढे ती नेहमीच्या सुरात म्हणाली, “तू जाऊन मोजून ये हवं तर.”

आणि ते खरंच गेले. सहासष्टाव्या वर्षी, एकटे, एक पास काढून. अठ्ठावीस नंबर अजून होती. इस्पितळासमोर बस थांबली, इंजिन बंद झालं. ड्रायव्हर दुसरा होता, मिनिटं तीच होती. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि ते उतरले.

ते आपल्या चालीने चालले नाहीत. आठ वर्षांपूर्वीची ताई जशी चालली असती तसे चालले. तिचे गुडघे तेव्हाही दुखायचे, म्हणून एकेक पाऊल बेताने. फुटपाथ, आवाराचं फाटक, पुढे थोडी मोकळी जागा. मग पायऱ्या. दर तीन पायऱ्यांवर ती थांबली असती, म्हणून ते थांबले. कठड्याला हात लावला असता, म्हणून लावला. पांढऱ्या कपड्यांतल्या चार मुली बडबडत खाली उतरल्या आणि त्यांना वाट देऊन गेल्या. दारात पहारेकरी होता.

“कुणाला भेटायचंय, काका?”

“कुणाला नाही. पायऱ्या मोजत होतो.”

“बारा आहेत,” पहारेकरी म्हणाला. “रोज झाडतो मी.”

साहेब मागे वळले आणि त्याच चालीने उतरून थांब्यापर्यंत परत आले. घड्याळ बघितलं. चार मिनिटं चाळीस सेकंद. म्हणजे वर दारात क्षणभर उभं राहायला आणि एकदा मागे वळून बघायलासुद्धा वेळ उरला असता. बस त्यांच्यासमोर अजून उभी होती. ते चढले आणि ज्या बाजूला तेव्हा पिशवी ठेवली होती त्या बाजूला बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपलं घड्याळ काढून खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं. अर्थात फेकलं नाही. चांगलं चालणारं घड्याळ होतं.

घरी आले तेव्हा ताई उशांना टेकून बसली होती.

“किती?”

“बारा.”

“बघ.” तिचा चेहरा इतका उजळला, की साहेबांना तिच्याकडे बघवेना. “मी म्हणतच होते. वर गेलास?”

“गेलो.”

“दार केवढं आहे?”

त्यांनी सांगितलं. दार केवढं, कठडा कसा, दगड मधोमध कसे झिजलेत, मुलींचे कपडे कसे. ताई एकेक गोष्ट दोनदोनदा विचारून घेत होती, जणू तिला उद्यापासून हजर व्हायचं होतं. सगळं ऐकून झालं. पांघरुणाच्या काठाची घडी घालायची, सोडायची, असं तिच्या बोटांचं चाललं होतं.

“छोट्या, एक विचारू? त्या दिवशी बस तिथे किती वेळ उभी होती रे?”

“का?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही. माझ्या मनात आपलं उगीच येतं. की तुला न विचारता उतरले असते, तर जमलं असतं का? जाऊन, वर चढून, परत यायला. मीच धीर केला नाही म्हणून राहिलं का?”

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“दोन मिनिटं,” ते म्हणाले. “दोनच मिनिटं उभी होती. उतरली असतीस तर बस गेलीच असती.”

ताईने सुस्कारा टाकला. घडी सोडली आणि पांघरूण सरळ केलं.

“मग नसतंच जमलं,” ती म्हणाली. “तू म्हणतोस म्हणजे दोनच असणार. तुझं कधी मिनिट चुकत नाही.”

मग तिने चहा मागितला, आणि तो करायला साहेब स्वतः उठले.